परसदारचा विसावा

घर बांधावयास निघालेल्या मनुष्याचे सारे लक्ष बहुधा घराच्या तोंडाकडे असते. दरवाजा कसा शोभेल, गच्चीचा कठडा कोणत्या घाटाचा असावा, दिवाणखान्यास कोणता रंग द्यावा, ह्यांची चर्चा सहा-सहा महिने चालते. परंतु मागल्या दाराची गोष्ट निघाली की, "तेथे काय, धुणीभांडी व्हावयाची!" एवढ्या एका वाक्यात तिचा निकाल लागतो. परिणाम असा होतो की, ज्या घडीभरात घरची मंडळी खरोखर मोकळेपणाने एकत्र बसू शकतील, त्या घडीसाठी घरात जागाच उरत नाही. दिवाणखाना पाहुण्यांचा, स्वयंपाकघर कामाचे, माडी निजण्याची. मग बसावयाचे, बोलावयाचे आणि उगाच आकाशाकडे पाहत राहावयाचे कोठे? आपल्या जुन्या घरांना ह्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते, व ते परसदारी होते.

विहीर, तुळशीवृंदावन, धुण्याचा दगड, केळीचे बन, कढीलिंब, वाळवणाची बाज आणि एखादे पारिजातकाचे झाड, एवढा सरंजाम सातारा-सांगलीकडील मध्यम स्थितीतील घरामागेही असे. आज ह्या दोन्ही शहरांत जुने वाडे उतरत आहेत व त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत. जेथे घर टिकले आहे तेथे परसू टिकेलच असे नाही. मोटार ठेवण्यासाठी म्हणून, चिखल नको म्हणून, अथवा झाडलोट करावयास मनुष्य मिळत नाही म्हणून ते कडेपासून कडेपर्यंत फरशीखाली जाते. एकदा फरशीखाली गेलेली माती पुन्हा वर येणे कठीण. म्हणून ज्यांच्या घरामागे अद्याप थोडीबहुत जमीन शिल्लक आहे, अशा एकत्र कुटुंबांनी तिचा विचार आताच व थोड्या पद्धतशीरपणे करावा, ह्या हेतूने पुढील चार गोष्टी लिहिल्या आहेत.

जुन्या घरांची जाण

वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आहे. तेथे जाणारे लोक भित्तिचित्रे पाहतात, आणि १७३९ साली वसई जिंकल्यानंतर इकडे आलेली, १७०७ साली ओतलेली पोर्तुगीज घंटा पाहून परत येतात. परंतु गृहरचनेच्या दृष्टीने त्या वाड्यात आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. एकामागून एक असे सहा चौक ओलांडीत मनुष्य लोकांतून हळूहळू एकांताकडे येतो, आणि वाड्याच्या पाठीशी त्यास कृष्णेचा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट लाभतो. म्हणजे त्या घराचा सर्वांत रमणीय भाग रस्त्याकडे नसून मागे आहे. घराची श्रीमंती लोकांना दाखवावयाची आणि घराचे सुख घरच्यांनी भोगावयाचे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने तो वाडा बांधविला त्यास पक्के ठाऊक होते.

दुसरे उदाहरण साताऱ्याजवळच्या लिंब गावचे. तेथील बारा मोटांची विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ ह्या काळात श्रीमंत वीरूबाई भोसले ह्यांनी बांधविली. आमराईस पाणी मिळावे हा तिचा उपयोग खराच. पण तिच्या पोटात दगडी महालही आहे. भर उन्हाळ्यात पाण्याजवळची हवा थंड असते, मग तेथेच बसावयाची सोय का करू नये, असा हा सरळ विचार आहे. आपल्या परसातील हौदाशेजारी एक दगडी बैठक घालणे हे त्याच विचाराचे लहान रूप होय.

साताऱ्याची वस्ती अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावर आहे, त्यामुळे तेथील पुष्कळ घरांची परसे पायरीपायरीने चढत जातात. सांगलीची गोष्ट उलट. १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी संस्थान थाटले ते कृष्णेच्या सपाट काठी, काळ्या मातीत. सांगलीची आमराई आजही उन्हातून आलेल्या मनुष्यास सांगते की, ह्या मुलखात बागेचे पहिले काम फूल देणे हे नसून सावली देणे हे आहे. आणि ओसाड जमिनीतून काय होऊ शकते हे पाहावयाचे असेल तर किर्लोस्करवाडी आहेच. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांस औंध संस्थानात कुंडल नजीक जो माळ मिळाला, तो निवडुंगाने भरलेला होता. तेथे कारखाना उभा राहिला, आणि त्याबरोबर घरे व झाडेही उभी राहिली. तेव्हा "आमच्या मागील अंगणात काही येत नाही" ही सबब ह्या जिल्ह्यातील मनुष्याने तरी सांगू नये.

विसावा कोणाचा?

परसाची आखणी करण्यापूर्वी एक प्रश्न घरातील कर्त्या मंडळींनी स्वतःस विचारावा. हे परसू विसाव्यासाठी, असे आपण म्हणतो; पण विसावा कोणाचा? पुढची ओसरी पुरुषांची आणि मागील दार बायकांचे, अशी आपल्याकडे जुनी वाटणी होती. मागील दारी बायकांना मोकळीक होती हे खरे. परंतु ती मोकळीक पाणी शेंदता शेंदता, भांडी घासता घासता आणि पापड वाळवता वाळवता मिळालेली होती. शिवाय समाजाने ज्यांना दूर लोटले, त्यांना घाणीची कामे करण्यासाठी ह्याच दाराने यावे लागे, हेही विसरून चालणार नाही. जुन्या परसाच्या आठवणीने डोळे पाणावण्यापूर्वी ह्या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या, आणि नवे परसू असे आखावे की, तेथे येण्यास कोणास संकोच वाटू नये व तेथे बसण्याचा हक्क कामाच्या मोबदल्यात विकत घ्यावा लागू नये.

व्यवहारात ह्याचा अर्थ काय? पहिला अर्थ असा की, ज्या बागेमुळे घरातील सुनेचे काम दुपटीने वाढते ती बाग विसाव्याची नव्हे. शंभर कुंड्या मांडून त्यांना रोज तांब्या-तांब्याने पाणी घालीत बसण्यापेक्षा जमिनीत लावलेली दहा झाडे बरी. दुसरा अर्थ असा की, बैठकीची जागा स्वयंपाकघराच्या दारातून दिसली पाहिजे व तेथून बोललेले ऐकू गेले पाहिजे. नाहीतर मंडळी झाडाखाली गप्पा मारणार आणि चहा करणारी बाई आत एकटीच राहणार. तिसरा अर्थ हा की, पाणी घालणे, पाला गोळा करणे, छाटणी करणे ही कामे वयाप्रमाणे घरातील सर्वांना, मुलगे व पुरुष धरून, वाटून द्यावीत. पाला झाडण्याने पुरुषाच्या प्रतिष्ठेस बाध आल्याचे अद्याप कोठे ऐकिवात नाही.

ऊन, पाऊस आणि माती

आता निसर्गाचा हिशेब पाहू. सातारा व सांगली ही दोन्ही शहरे साधारण १७ ते १८ अक्षांशांच्या आसपास आहेत. त्यामुळे मे महिन्यात दोन प्रहरी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो व झाडाची सावली त्याच्या बुडाशीच पडते. उलट डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कलतो की, १० फूट उंचीच्या भिंतीची दोन प्रहरची सावली उत्तरेस साडेआठ ते पावणेनऊ फूट पसरते. म्हणून उंच भिंतीच्या उत्तरेस लागूनच गुलाब, शेवंती किंवा भाजी लावली तर हिवाळ्यात ती उन्हावाचून कुजत राहते; तेथे अळू, हळद, आले अशी सावली सोसणारी मंडळी बसवावी. थंडीतले कोवळे ऊन वृद्धांना हवे असते, त्यांची बैठक मात्र भिंतीच्या दक्षिण अंगास असावी. पाठीशी तापलेली भिंत आणि अंगावर ऊन, ह्यापेक्षा गुडघ्यांना सुखकर ते काय?

पावसाचा हिशेब दोन शहरांत निराळा. साताऱ्यास वर्षास सुमारे ४० इंच पाऊस पडतो, सांगलीस साधारण त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. छपराचे क्षेत्र १,००० चौरस फूट धरले, तर ४० इंच पावसाचे पाणी सुमारे ९४,००० लिटर भरते. त्यातील काही उडते, काही मुरते; तरीही राहिलेले पाणी पन्हळीने गोळा करून, वाळू-खडीतून गाळून विहिरीत अथवा कूपनलिकेजवळच्या शोषखड्ड्यात सोडले, तर उन्हाळ्यात त्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. साताऱ्यास कासच्या तलावाचे पाणी येते, म्हणून परसातील विहिरीकडे पाठ फिरविणे शहाणपणाचे नव्हे. विहीर बुजविण्यास एक दिवस पुरतो. तिचे पाणी जमिनीत साठण्यास कितीतरी पावसाळे लागलेले असतात.

ह्याच संदर्भात हिरवळीविषयी लिहिले पाहिजे. चित्रांतून दिसणारी मखमली हिरवळ थंड व ओलसर देशांची देणगी आहे. आपल्या उन्हाळ्यात ५०० चौरस फूट हिरवळ जिवंत ठेवावयाची तर दररोज सुमारे अडीचशे ते तीनशे लिटर, म्हणजे सतरा-अठरा बादल्या पाणी तिच्यावर ओतावे लागते. एवढ्या पाण्यात दोन आंबे, एक लिंबू आणि घरची सारी फुलझाडे सुखाने वाढतील. आपल्याकडे मुरूम चोपून त्यावर सारवलेले अंगण हीच खरी हिरवळ. ती पायांना मऊ लागते, पाणी मुरू देते आणि सायंकाळी लवकर निवते. सारवण करणे शक्य नसेल तर बारीक मुरूमच चोपावा. फरशी घालावयाचीच असेल तर शहाबादी तुकडे सिमेंटने सांधू नयेत. मध्ये बोटभर फट ठेवून त्यात माती भरावी, म्हणजे पावसास वाट मिळते.

मातीचेही दोन स्वभाव आहेत. साताऱ्याच्या उतारावर माती थोडी व मुरूम फार. तेथे परसाच्या दोन-तीन पायऱ्या कराव्या, प्रत्येकीस दगडी ताल घालावी आणि तालीत पाणी निघण्यास भोके ठेवावी. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात मागे साचलेल्या पाण्याच्या रेट्याने ताल पुढे येते. सांगलीच्या काळ्या मातीची तऱ्हा उलट. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जोत्यास ओढ देते. म्हणून तेथे मोठे झाड घरापासून १५ ते २० फूट दूर असावे, आणि वड, पिंपळ, उंबर ही पूज्य झाडे देवळाच्या पारावर शोभतात, जोत्याशेजारी नव्हेत, हे ध्यानात ठेवावे.

सांगलीकरांना आणखी एक धडा कृष्णामाईने दिला आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर चढले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूर येणाऱ्या वस्तीत परसातील बैठका दगडी असाव्या, विजेची बटणे उंचावर असावी, व उतार नेहमी घराकडून बाहेर असावा. पाणी काही दिवस उभे राहिले तर पपई सर्वांत आधी जाते. करंज व जांभूळ बरेच सोसतात. पूर ओसरल्यावर विहीर उपसून तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकल्यावाचून ते पाणी वापरू नये.

एक आखणी

समजा, घर पूर्वाभिमुख आहे आणि मागे ३० फूट रुंद व ४० फूट खोल असे १,२०० चौरस फुटांचे परसू आहे. त्याचे तीन पट्टे करावे.

पहिला पट्टा घरास लागून, १० फुटांचा. हे कामाचे अंगण. येथे फरशी चालेल. धुण्याचा दगड, नळ, भांड्यांची जागा आणि दोरी एका बाजूस. वाळवणासाठी उन्हाची जागा दुसऱ्या बाजूस. मोरीचे पाणी उघड्या गटारात न सोडता पन्हळीने केळी व अळूच्या वाफ्यात न्यावे. साबणाचे पाणी कोथिंबीर-पालकास घालू नये. केळ ते सोसते. तुळशीवृंदावन ह्या पट्ट्याच्या कडेस, स्वयंपाकघराच्या दारासमोर असावे, म्हणजे सकाळचे पाणी व सायंकाळचा दिवा ह्यांसाठी वेगळी फेरी पडत नाही.

दुसरा पट्टा मधला, १८ फुटांचा. हा पूर्णपणे मोकळा ठेवावा. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असा जो समज आहे तो काढून टाकावा. परसाचा जीव ह्या मोकळेपणातच आहे. ३० फूट लांबीत दोन्ही टोकांस जाण्यायेण्याची वाट सोडून एका पंक्तीस १३ पाने बसतात; समोरासमोर दोन पंक्ती धरल्या व मध्ये वाढणाऱ्यांसाठी पाच फूट सोडले, तर १३ फूट रुंदीत २६ माणसे मांडी घालून स्वस्थ जेवतात. पंधरा मुलींनी हात धरून फेर धरला तर त्यास साधारण १५ फूट व्यास लागतो. म्हणजे भोंडला येथे होतो, आणि मंगळागौरीच्या झिम्मा-फुगडीसही जागा पुरते. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, त्यांस तर माणशी सतरंजीएवढीच जागा हवी; ते पाच-सहा जणांस सकाळी येथे एकदम घालता येतात.

तिसरा पट्टा पश्चिमेकडील, १२ फुटांचा. हा झाडांचा. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास २० फूट उंचीच्या झाडाची सावली पूर्वेकडे तेवीस-चोवीस फूट पसरते. म्हणजे पश्चिमेचे एक कडुनिंबाचे किंवा आंब्याचे झाड सबंध मधले अंगण व घराची मागली भिंत तापण्यापासून वाचविते. त्याच झाडाखाली दीड फूट उंचीचा, १० फूट लांब व ८ फूट रुंद असा ओटा बांधावा. दुपारी तो आजोबांच्या वाचनाचा, तिसऱ्या प्रहरी बायकांच्या निवडणटिपणाचा, सायंकाळी मुलांच्या अभ्यासाचा. आणि ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेथील मुलांना त्याच ओट्याची रंगभूमी करावयास कोणी शिकवावे लागणार नाही. भक्कम फांदी नसेल तर झोपाळा झाडास न टांगता दोन खांब पुरून त्यावर टांगावा. फांदीवर भरवसा ठेवून हाडे मोडून घेऊ नयेत.

पाहुणे आणि सण

पाहुण्यांच्या सरबराईसाठी आता लोक मंगल कार्यालये व उपाहारगृहे शोधतात. मोठ्या कार्यास ते युक्तच आहे. परंतु आपले पंचांग नीट उघडून पाहिले तर त्यातील कितीतरी दिवस परसातच साजरे व्हावयाचे आहेत. चैत्रात गौरीचे हळदीकुंकू, आंब्याची डाळ व पन्हे, श्रावणात पत्री, आश्विनात भोंडला आणि कोजागरीचे दूध, दिवाळीत मुलांचा मातीचा किल्ला, कार्तिकात तुळशीचे लग्न आणि आवळीभोजन. आवळीभोजन म्हणजे दुसरे काय? झाडाखाली बसून सर्वांनी एकत्र जेवावे, ह्या गोष्टीस दिलेले धर्माचे निमित्त. मुलांच्या किल्ल्यासाठी परसाचा एक कोपरा, सहा फूट लांब-रुंद, वर्षभर राखून ठेवावा. साताऱ्याच्या मुलास खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. त्यास तो मातीत बांधावयास मिळाला नाही तर त्याचे बालपण अपुरे म्हणावे लागेल.

रात्रीच्या बैठकीस दिवा मंद व पिवळसर असावा. पूर्वी कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा 'प्रभाकर' कंदील खुंटीस टांगला की पुरे होई. आजच्या पांढऱ्या झगझगीत दिव्यांवर किडे फार येतात, शेजाऱ्यांची झोप जाते, आणि कोजागरीचा चंद्र बिचारा निरुपयोगी होतो.

कोणती झाडे लावावी?

झाडे निवडताना वर्षाचा क्रम डोळ्यांपुढे ठेवावा, म्हणजे देवास व वेणीस फूल मिळण्याची आबाळ होत नाही. चैत्र-वैशाखात मोगरा, पावसाळ्यात जाई-जुई, भाद्रपद-आश्विनात पारिजातक, थंडीत शेवंती, आणि मधली पोकळी भरून काढण्यास अबोली व जास्वंद. पारिजातक आजींच्या खिडकीजवळ लावावा. पहाटे त्याखाली एक जुने स्वच्छ लुगडे पसरले की फुले वेचण्यासाठी वाकावे लागत नाही. रातराणी मात्र शेजघरापासून दूर बरी, तिच्या उग्र वासाने कित्येकांचे डोके दुखते.

फळझाडांत लहान परसास पेरू, डाळिंब, लिंबू ही तीन पुरेशी आहेत. 'सरदार' पेरू व 'गणेश' डाळिंब ह्या दोन्ही जाती पुण्यास डॉ. चीमा ह्यांच्या निवडीतून निघाल्या व आपल्या हवेस मानवल्या. तासगावच्या द्राक्षांची कीर्ती ऐकून पुष्कळांस बैठकीवर द्राक्षाचा मांडव घालावासा वाटतो. तो मोह आवरावा. ह्या वेलास आपल्या हवेत एप्रिलात एक आणि ऑक्टोबरात एक अशी वर्षास दोनदा छाटणी लागते, व बुरशीवरील औषधाचे फवारे वारंवार मारावे लागतात. ज्या मांडवाखाली नातवंडे झोपावयाची, त्यावर औषध शिंपणे बरे नव्हे. तेथे जाई किंवा जुई चढवावी.

काही झाडांपासून सावध राहावे. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी मुले खेळत. परंतु तिची बी हृदयावर घातक परिणाम करणारे विष आहे, म्हणून लहान मुलांच्या घरी ते झाड नको. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच मुळासकट उपटावे, व तेही हातांस कापड बांधून. सापाविषयीही दोन शब्द. केवड्याच्या किंवा रातराणीच्या वासाला भुलून साप येतो, असे लोक म्हणतात. वास्तविक तो उंदीर-बेडकांसाठी येतो. लाकडांचा, विटांचा व भंगाराचा ढीग परसात नसला म्हणजे त्याचे येणे पुष्कळ कमी होते. डासांचा बंदोबस्त त्याहून सोपा आहे. डेंग्यूच्या डासास अंड्यापासून उडण्यापर्यंत सुमारे आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा आठवड्यातून एक दिवस ठरवून प्रत्येक डोण, कुंडीखालची ताटली व पक्ष्यांचे भांडे पालथे करून पुसले की पुरे. हे काम मुलांकडे द्यावे. ती ते मोठ्या शिस्तीने करतात. पाल्यापाचोळ्यासाठी तीन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा कोपऱ्यात असावा. एक थर भाजीच्या देठांचा, एक वाळल्या पाल्याचा व एक मातीचा, असे घालीत गेले की तीन-चार महिन्यांत खत तयार होते, आणि पाला जाळून शेजाऱ्यांच्या डोळ्यांत धूर घालण्याची गरज पडत नाही.

जागा थोडी असेल तर

"एवढे परसू आहे कोणाकडे?" असे पुष्कळ वाचक-भगिनी म्हणतील. त्यांना जपानातील क्योतो शहराचे उदाहरण द्यावेसे वाटते. तेथील अरुंद, खोल घरांतून एक-दोन बाजांएवढ्या जागेत एक दगडी पाण्याचे भांडे, एखादे झुडूप व थोडे शेवाळ एवढ्यावर बाग केलेली असते. ती फिरण्यासाठी नसून पाहण्यासाठी असते. आपल्याकडे आठ फूट लांबीची बोळ असली तरी तिच्या टोकास तुळस, एक जुईचा वेल, कढीलिंबाचे झाड आणि दोन माणसांपुरता दगडी बाक एवढे बसते. मुख्य गोष्ट क्षेत्रफळाची नसून निश्चयाची आहे: ही जागा अडगळीची नाही, माणसांची आहे, असे घराने एकदा ठरविले पाहिजे.

वाटणीची वेळ

शेवटी एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. एकत्र कुटुंबे कायमची एकत्र राहतातच असे नाही, व राहिलीच पाहिजेत असा हट्टही धरू नये. चुली वेगळ्या झाल्याने माया तुटत नाही. परंतु वाटणीचे वेळी खोल्यांप्रमाणे परसाचेही तुकडे पाडले जातात. विहिरीच्या मधोमध भिंत येते, आंबा एकाच्या हद्दीत व त्याची सावली दुसऱ्याच्या हद्दीत जाते, आणि पुढे पाचोळ्यावरून कज्जे सुरू होतात. चार फूट रुंदीच्या ज्या पट्ट्या हाती येतात त्यांत न पंगत बसते न पोर खेळते. सर्वांचे मिळून जे होते ते कोणाचेच राहत नाही. म्हणून घरे वाटली तरी परसू व विहीर सामाईक ठेवावी, आणि तसे वाटणीपत्रात स्पष्ट लिहून, नोंदवून घ्यावे. जाण्यायेण्याची वाट, पाण्याचा हक्क, झाडांच्या फळांची वाटणी आणि देखभालीच्या खर्चाचा हिस्सा, ही चार कलमे त्यात असली की भांडणास फारशी जागा उरत नाही. ज्या भावाभावांत दिवाणखान्यात बसून बोलणे उरले नाही, त्यांची मुले तरी एका झोपाळ्यावर बसतील. आणि मुलांना हाक मारण्याच्या निमित्ताने मोठी माणसेही कधीतरी मागल्या दारी येतील.

आंब्याचे रोप लावण्यास आषाढाचा पाऊस बरा. त्यापूर्वी, वैशाखातच तीन फूट खोल खड्डा घेऊन तो उन्हात तापू द्यावा, व मग शेणखत व माती घालून भरून ठेवावा. ज्यांच्या परसात अद्याप माती उघडी आहे, त्यांनी यंदाच्या वैशाखात एवढा एक खड्डा तरी अवश्य घ्यावा.